जनुकीय अंतरं कागदावर मांडताना: दर वेळी चित्र वेगळं का येतं आणि कोणतं मानायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. काही सजीवांचे डीएनए क्रम हाताशी आहेत आणि प्रत्येक जोडीतला फरक मोजून अंतरांची सारणी तयार झाली आहे. आता ही सारणी चित्रात अशी दाखवायची आहे की जवळचे नातलग जवळ दिसावेत आणि लांबचे लांब. त्यासाठी प्रत्येक सजीवाचा एक बिंदू घेतला आणि ग्रेडियंट डिसेंटने, म्हणजे चूक दर पावलाला थोडी कमी करत जाण्याच्या रीतीने, बिंदू सरकवले. चित्र येतं, पण प्रोग्रॅम पुन्हा चालवला की वेगळंच येतं. मग खरं कोणतं? प्रोग्रॅममध्ये काही चुकतंय का? आणि त्यापेक्षा टी-एसएनई किंवा युमॅप ही चित्र काढणारी तयार साधनं वापरलेली बरी का?

प्रोग्रॅम बहुधा ठीक आहे. चित्र बदलण्याची दोन कारणं असतात. पहिलं किरकोळ आहे. अंतरं तीच ठेवून आख्खं चित्र फिरवता येतं किंवा आरशात दिसावं तसं पालटता येतं. सारणीत दिशा नसतेच, फक्त अंतरं असतात, त्यामुळे डावं-उजवं आणि वर-खाली यांना काही अर्थ नाही. म्हणून दोन चित्रांची तुलना करण्याआधी ती एकमेकांवर बसवून पाहावीत. प्रोक्रस्टीझ नावाची पद्धत हेच करते: एक चित्र फिरवून, पालटून, लहानमोठं करून दुसऱ्याशी शक्य तितकं जुळवते. एवढं केल्यावर 'वेगळी' वाटणारी चित्रं पुष्कळदा एकच निघतात.

तशी निघाली नाहीत, तर दुसरं कारण समोर येतं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. उत्क्रांतीतून तयार झालेली अंतरं सपाट कागदावर सहसा मावतच नाहीत. कुठली तरी अंतरं खोटी दाखवल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही आणि कोणती खोटी दाखवायची याची निवड दर वेळी वेगळी होऊ शकते. ऑप्टिमायझेशन, म्हणजे कमीत कमी चुकीची मांडणी शोधणं, काहीही झालं तरी एक चित्र देतंच. तुमचा डेटा त्या चित्रात मावला की कोंबला गेला, हे ते आपणहून सांगत नाही. ते आपल्याला विचारून घ्यावं लागतं.

आधी अंतरांबद्दल बोलू, कारण बराचसा घोळ चित्रापर्यंत पोचण्याआधीच झालेला असतो.

सगळ्यात सोपं अंतर म्हणजे दोन क्रम एकाखाली एक लावायचे आणि किती टक्के जागी अक्षरं वेगळी आहेत ते मोजायचं. (हे 'एकाखाली एक लावणं' हीसुद्धा ऑप्टिमायझेशनचीच एक समस्या आहे. नीडलमन आणि वुन्श यांनी १९७० साली तिच्यासाठी दिलेली डायनॅमिक प्रोग्रॅमिंगची रीत आजही पायाभूत मानली जाते.) अडचण अशी की एकाच जागी दोनदा बदल झाला तर आपल्याला तो एकदाच दिसतो आणि बदल होऊन अक्षर पुन्हा मूळपदावर आलं तर अजिबात दिसत नाही. ज्यूक्स आणि कँटर यांनी १९६९ मध्ये यावर साधी दुरुस्ती सुचवली. वेगळ्या जागांचं प्रमाण 'प' असेल, तर १ मधून 'प'ची चार-तृतीयांश पट वजा करायची, त्याचा नैसर्गिक लॉग घ्यायचा आणि त्याला वजा ३/४ ने गुणायचं. प ०.१० असेल तर दुरुस्त अंतर येतं ०.१०७, म्हणजे जवळपास तेच. प ०.३० असेल तर ०.३८. प ०.७० असेल तर थेट २.०३. आणि प ०.७५ ला पोचला की अंतर अनंत होतं, कारण चार अक्षरांचे दोन संबंध नसलेले क्रम लावले तरी एक-चतुर्थांश जागा योगायोगाने जुळतातच.

यातली ग्यानबाची मेख आकडे हातात घेतले की कळते. समजा क्रम ५०० अक्षरांचा आहे आणि मोजणीत दहा अक्षरांचा फरक पडला. जवळच्या जोडीत प ०.१० चा ०.१२ झाला, तर अंतर ०.१०७ वरून ०.१३१ वर जातं. लांबच्या जोडीत प ०.७० चा ०.७२ झाला, तर अंतर २.०३ वरून २.४१ वर जातं. तीच दहा अक्षरं, पण धक्का सोळा पटींनी मोठा. म्हणजे तुमच्या सारणीतले मोठे आकडे हे सगळ्यात कमी भरवशाचे आकडे आहेत. हे लक्षात ठेवा, कारण साधं ग्रेडियंट डिसेंट नेमकं त्यांनाच सगळ्यात जास्त मान देतं.

संपूर्ण जीनोम असतील तर एकाखाली एक लावणं परवडत नाही. तिथे क्रमाचे ठरावीक लांबीचे तुकडे करून दोन जीनोममध्ये किती तुकडे सामाईक आहेत ते पाहतात. २०१६ साली आलेला मॅश हा प्रोग्रॅम मुळात २१ अक्षरांचे तुकडे घेतो आणि त्यांतून प्रत्येक जीनोमचा हजार तुकड्यांचा छोटा ठसा ठेवतो, त्यामुळे हजारो जीवाणूंची तुलना साध्या संगणकावर होऊ शकते. जवळच्या नातलगांसाठी हे उत्तम आहे. फार लांबच्यांसाठी नाही, कारण सामाईक तुकडेच उरत नाहीत आणि सगळ्या जोड्या 'खूप लांब' या एकाच खान्यात जाऊन पडतात.

आता बिंदू सरकवण्याची गोष्ट. कागदावर प्रत्येक दोन बिंदूंमध्ये एक स्प्रिंग आहे असं समजा आणि तिची नैसर्गिक लांबी म्हणजे सारणीतलं अंतर. बिंदू जास्त जवळ असतील तर स्प्रिंग ढकलते, लांब असतील तर ओढते. प्रत्येक जोडीसाठी कागदावरचं अंतर आणि सारणीतलं अंतर यांतल्या फरकाचा वर्ग घ्या, सगळ्यांची बेरीज करा, हा झाला स्ट्रेस. जोसेफ क्रुस्कल यांनी १९६४ मध्ये ही कल्पना नीट मांडली आणि तेव्हापासून ती मल्टिडायमेन्शनल स्केलिंग, म्हणजे एमडीएस, या नावाने वापरात आहे. ग्रेडियंट म्हणजे प्रत्येक बिंदूवर सगळ्या स्प्रिंगांचा मिळून येणारा जोर. त्या दिशेने बिंदू थोडा सरकवायचा, पुन्हा मोजायचं, पुन्हा सरकवायचा. पाऊल फार मोठं घेतलं तर बिंदू उड्या मारत राहतात, फार लहान घेतलं तर पोचतच नाहीत. या पावलाच्या कटकटीतून सुटायचं असेल तर स्ट्रेस कमी करायची स्मॅकॉफ ही रीत वापरा. १९७७ मध्ये यान द लेऊ यांनी मांडलेल्या कल्पनेवर ते उभं आहे. त्यात पाऊल किती मोठं घ्यायचं हे ठरवावं लागत नाही आणि कुठल्याही फेरीत स्ट्रेस वाढत नाही याची खात्री असते. आर आणि पायथॉन या दोन्ही प्रोग्रॅमिंग भाषांत ते तयार मिळतं. ग्रेडियंट डिसेंट स्वतः लिहून पाहणं शिकण्यासाठी चांगलंच आहे, पण निकाल छापायचा असेल तर मी स्मॅकॉफच घेईन.

आता मावण्याचा मुद्दा. त्यासाठी चारच प्राणी घेऊ: माणूस, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान. २०१२ मध्ये गोरिलाचा जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हाच्या आकड्यांनुसार माणूस आणि चिंपांझी यांच्या डीएनएत साधारण १.३७ टक्के अक्षरं वेगळी आहेत, माणूस आणि गोरिला यांच्यात १.७५ टक्के, माणूस आणि ओरांगउटान यांच्यात ३.४ टक्के. चिंपांझी ते गोरिला हे अंतरही सोयीसाठी १.७५ धरू. ओरांगउटानपासून मात्र चिंपांझी आणि गोरिलाही ३.४ च्याच आसपास असायला हवेत, कारण ओरांगउटानची शाखा या तिघांची वाटणी होण्याआधीच वेगळी झाली. तिथून पुढे तिघांनाही बदलायला सारखाच काळ मिळाला आहे.

हे चार बिंदू कागदावर मांडून पाहा. माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांचा त्रिकोण अगदी अचूक काढता येतो: पाया १.३७, दोन बाजू १.७५. आता असा बिंदू हवा, जो तिन्ही कोनांपासून सारख्या अंतरावर आहे. शाळेतली भूमिती सांगते की सपाट कागदावर असा बिंदू एकच असतो, त्या त्रिकोणाचा परिकेंद्र. आणि तो कोनांपासून फक्त ०.९५ वर येतो! आपल्याला हवेत ३.४. कागदावर अशी जागाच नाही. अचूक मांडायचं तर परिकेंद्राच्या बरोबर वर, कागदापासून सुमारे ३.२६ उंचीवर, हवेत बिंदू ठेवावा लागेल.

कागदावरच राहायचं असेल तर ऑप्टिमायझेशन काय करतं? ते ओरांगउटानला त्रिकोणाच्या एका बाजूला नेऊन ठेवतं आणि तिथून त्रिकोण कमीत कमी 'खोल' दिसावा म्हणून पायाच्या दिशेने ठेवतं. मी हे हिशेबाने करून पाहिलं. साध्या स्ट्रेसमध्ये ओरांगउटान एका टोकाच्या प्राण्यापासून साधारण २.९ वर आणि दुसऱ्या टोकाच्या प्राण्यापासून ३.८ वर येतो. माणूस-चिंपांझी अंतर १.३७ असायला हवं होतं, ते चेपून ०.९ च्या आसपास येतं. आता मुख्य गोष्ट पाहा. जवळचं टोक माणसाचं असू शकतं किंवा चिंपांझीचं. सारणीत दोघांचे आकडे सारखे आहेत, म्हणून दोन्ही चित्रांचा स्ट्रेस तंतोतंत सारखाच. एका वेळी चालवलं तर ओरांगउटान माणसाचा जवळचा वाटेल, दुसऱ्या वेळी चिंपांझीचा. दोन्ही गोष्टी डेटात नाहीत. नुसती नावं पुसलीत तर हे दोन्ही आकार एकमेकांवर नेमके बसतील, पण नावांसकट बसणार नाहीत. तुम्हाला दर वेळी दिसणाऱ्या बदलांपैकी बरेचसे या जातीचे असणार. इथे 'खरं चित्र कोणतं' या प्रश्नाला उत्तरच नाही.

चारच प्राण्यांत ही अवस्था, तर चाळीस प्राण्यांत काय होत असेल? प्रत्येक बाहेरची शाखा आतल्या सगळ्यांपासून सारख्या अंतरावर असते आणि अशी प्रत्येक शाखा स्वतःसाठी एक नवी मिती मागते.

वजनं बदलून खोटेपणा कुठे जाऊ द्यायचा हे मात्र आपल्या हातात आहे. सॅमन यांनी १९६९ मध्ये प्रत्येक जोडीच्या चुकीला सारणीतल्या अंतराने भागायची सूचना केली. म्हणजे जवळच्या जोड्यांची चूक महाग आणि लांबच्यांची स्वस्त. वरच्या उदाहरणात तसं केलं की माणूस-चिंपांझी अंतर ०.९ वरून १.१ च्या पुढे सरकतं आणि ओरांगउटानची दोन अंतरं आणखी फाकतात. ज्यूक्स-कँटरच्या आकड्यांत आपण पाहिलंच की लांबची अंतरं तशीही डळमळीत असतात, म्हणून जनुकीय डेटासाठी मला सॅमनचं वजन साध्या स्ट्रेसपेक्षा जास्त योग्य वाटतं. अंतरांच्या फक्त क्रमवारीवर विसंबणारा क्रुस्कल यांचा प्रकारही आहे. त्यात 'हा त्यापेक्षा लांब' एवढंच जपलं जातं. अंतर मोजायची रीतच कच्ची असेल तर तो घ्यावा.

स्थानिक खड्ड्यांबद्दलही बोलायला हवं, कारण चित्र बदलायला तेही कारण असतं. एखादा बिंदू सुरुवातीलाच चुकीच्या बाजूला पडला आणि मध्ये इतर बिंदूंची गर्दी असली तर त्याला आपल्या जागी जायला आधी स्ट्रेस वाढवून घ्यावा लागतो. ग्रेडियंट डिसेंट ते करत नाही, आणि स्मॅकॉफही नाही. उपाय दोन आहेत. पहिला: सुरुवात यदृच्छेने न करता क्लासिकल एमडीएसच्या उत्तरापासून करा. क्लासिकल एमडीएस, ज्याला जीवशास्त्रात पीसीओए म्हणतात, त्यात सरकवासरकवी नसते. सारणीवर एक बीजगणिती प्रक्रिया करून उत्तर एकदाच मिळतं आणि दर वेळी तेच मिळतं. त्यातून येणारी आयगेनमूल्यं, म्हणजे प्रत्येक मितीत किती फरक सामावला आहे ते सांगणारे आकडे, नीट वाचा. पहिली दोन बाकीच्यांपेक्षा खूप मोठी असतील तर कागद पुरेल. हळूहळू उतरत जाणारी लांब रांग दिसली तर नाही पुरणार. ठळक ऋण मूल्यं दिसली तर तुमची अंतरं कितीही मितींत सरळ मावणारी नाहीत. अशा वेळी अंतरांचं वर्गमूळ घेऊन पाहतात, कारण झाडावर, म्हणजे वंशवृक्षाच्या फांद्यांवरून, मोजलेल्या अंतरांची वर्गमुळं पुरेशा मिती दिल्या तर नेमकी मावतात. दुसरा उपाय: तीन किंवा चार मितींत सुरुवात करून जास्तीच्या मिती हळूहळू दाबत आणा. अडकलेल्या बिंदूला तेवढ्यात वरून वळसा घालता येतो.

याशिवाय यदृच्छ सुरुवातींनीही बऱ्याच फेऱ्या चालवाव्यात, पण फक्त सगळ्यात कमी स्ट्रेस असलेली ठेवून बाकीच्या टाकून देऊ नयेत. जवळपास तेवढ्याच स्ट्रेसची, पण प्रोक्रस्टीझनंतरही वेगळी राहणारी चित्रं बाजूबाजूला लावा. जे सगळ्यांत टिकतं त्याबद्दल बोला. जे बदलतं ते डेटा सांगत नाही, कागद सांगतो आहे.

आणि प्रत्येक चित्राबरोबर शेपर्डचा आलेख काढा. आडव्या अक्षावर सारणीतलं अंतर, उभ्या अक्षावर कागदावरचं, प्रत्येक जोडीचा एक ठिपका. ठिपके कर्णाला धरून असतील तर उत्तम. एका बाजूला झुकलेला पुंजका दिसला तर त्यातल्या जोड्यांची नावं काढा. बहुतेक वेळा एकच सजीव सगळा स्ट्रेस खात असतो आणि त्यामागे काही तरी सांगण्यासारखं असतं: खराब प्रतीचा नमुना, मिसळलेला डीएनए, किंवा खरोखरच वेगळी शाखा. एका आकड्यातला एकूण स्ट्रेस हे दाखवत नाही.

नमुन्यांत गाळलेल्या जागा असतील तर त्याही इथेच डोकं वर काढतात. दर जोडीला उपलब्ध असलेल्या जागांवरच तुलना केली तर वेगवेगळ्या जोड्या वेगवेगळ्या जागांवर मोजल्या जातात आणि कधीकधी त्रिकोणाचा नियमसुद्धा मोडतो: अ ते क थेट अंतर, ब मार्गे गेल्यापेक्षा जास्त निघतं. आणि रिकाम्या जागी सरासरी भरली तर अर्धवट नमुने चित्राच्या मध्याकडे ओढले जातात आणि कोणाला तरी ते संकरित वाटतात. गाळलेल्या जागांच्या प्रमाणाने ठिपक्यांना रंग देऊन एकदा बघाच.

एकाच जातीतल्या लोकसंख्यांसाठी, म्हणजे माणसं, गहू, डास, काहीही, सहसा पीसीए वापरतात, म्हणजे ज्या दिशांना डेटात सगळ्यात जास्त फरक आहे ते अक्ष शोधणारी पद्धत. इथे शाखांची वाटणी तितकी काटेकोर नसते, सरमिसळ चालू असते, आणि म्हणून कागद बऱ्यापैकी पुरतो. २००८ मध्ये १,३८७ युरोपीय लोकांच्या जनुकीय डेटावर केलेला पीसीए प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले दोन अक्ष थोडे फिरवले की युरोपच्या नकाशासारखा आकार उमटत होता, इबेरिया आणि इटली वेगळे ओळखू येत होते. पण त्याच वर्षी दुसऱ्या एका कामाने हेही दाखवलं की फरक अंतराप्रमाणे हळूहळू वाढत असेल तर पीसीएत लाटा आणि कमानी आपोआप उमटतात, त्यासाठी कुठलंही स्थलांतर घडायला लागत नाही. शिवाय पीसीए नमुन्यांच्या संख्येला फार मानतो. एका गटाचे नमुने भरमसाट घेतले तर त्या गटातला अंतर्गत फरक अक्ष बळकावतो. जवळचे भाऊबंद नमुन्यांत असतील तर ते स्वतःचा अक्ष घेऊन बसतात. गुणसूत्राचा मोठा उलटलेला तुकडाही तेच करतो. माणसाच्या आठव्या गुणसूत्रावरचा असा तुकडा यासाठी प्रसिद्ध आहे. म्हणून एकमेकांबरोबर बांधून येणाऱ्या जागा आधी विरळ करून घ्याव्यात आणि जवळच्या नातलगांपैकी एकच ठेवावा.

आता टी-एसएनई आणि युमॅप. टी-एसएनई २००८ चं, युमॅप २०१८ चं. दोन्हींत ऑप्टिमायझेशनच आहे, पण लक्ष्य वेगळं आहे. ही साधनं अंतरं जपायचा प्रयत्नच करत नाहीत, शेजार जपतात. टी-एसएनई प्रत्येक बिंदूसाठी विचारतं की याचे शेजारी कोण असण्याची शक्यता किती, आणि कागदावरही ती शक्यता तशीच राहावी म्हणून बिंदू सरकवतं. शेजार किती मोठा धरायचा हे परप्लेक्सिटी ठरवते, बहुधा ५ ते ५० मध्ये. शेजारी कोण हे त्यातून छान कळतं. पण दोन पुंजक्यांमधली मोकळी जागा, पुंजक्याचा आकार, कोणता पुंजका कोणाच्या बाजूला आहे, यांतलं काहीही मोजमाप म्हणून वाचू नये. दाट पुंजके फुगतात आणि विरळ पुंजके आक्रसतात, म्हणून सगळे सारखेच दिसायला लागतात. आणि सलग चढ-उताराचा डेटा तुटक बेटांसारखा दिसू शकतो.

याचे परिणाम किती गंभीर होतात याचं उदाहरण फार जुनं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या 'ऑल ऑफ अस' या प्रकल्पाने २,४५,३८८ लोकांच्या जीनोमवरचा लेख 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या युमॅपच्या आकृतीत लोकांनी स्वतः सांगितलेल्या वंशगटांनुसार रंग दिले होते. जनुकशास्त्रज्ञांनी तिच्यावर कडक टीका केली, कारण माणसांत जी सलग सरमिसळ आहे ती या चित्रात वेगवेगळ्या तुकड्यांसारखी दिसत होती आणि वंश म्हणजे अलग अलग खाने आहेत असा समज व्हायला ती हातभार लावत होती. डेटा चांगला होता. लक्ष्य-फलनाने, म्हणजे ऑप्टिमायझेशन जे माप कमी करू पाहतं त्याने, शेजार जपला आणि बाकीचं सोडून दिलं, आणि पाहणाऱ्याने मात्र मोकळी जागा अंतर म्हणून वाचली. माणसांच्या बाबतीत ही चूक निव्वळ तांत्रिक राहत नाही, म्हणून मी या मुद्द्यावर आग्रही आहे: लोकसंख्यांचं नातं दाखवायला युमॅप एकटं वापरू नका.

वापरायचंच असेल तर सुरुवात पीसीएच्या उत्तरापासून करा. युमॅप एकंदर रचना जास्त चांगली जपतं असं पुष्कळदा सांगितलं जातं. २०२१ मध्ये कोबाक आणि लिंडरमन यांनी दाखवलं की तो फरक मुख्यतः सुरुवातीच्या मांडणीचा होता. दोघांना सारखी सुरुवात दिली की तो उरत नाही. नमुन्यांची गल्लत शोधायला, दोनदा आलेले नमुने पकडायला, चुकीची चिठ्ठी लागलेली नळी ओळखायला ही साधनं मला आवडतात. ते काम शेजारावरूनच होतं.

मग अंतरं खरोखर झाडाची असतील तर झाडच का काढू नये? काढावंच. अनेक जातींमधलं नातं हा प्रश्न असेल तर माझं पहिलं चित्र झाडच असतं, बिंदूंचा नकाशा दुसरा. फांद्यांच्या लांबीत अंतर बसतं, आणि ओरांगउटान तिघांपासून सारख्या अंतरावर असणं झाडात सहज काढता येतं, कागदावरच. अंतरं झाडाची आहेत का हे तपासायला चार-चार सजीवांची चाचणी आहे. चार सजीवांच्या दोन-दोन जोड्या तीन प्रकारे पाडता येतात. प्रत्येक प्रकारची बेरीज काढा, मोठ्या दोन बेरजा सारख्या आल्या पाहिजेत. आपल्या चौघांत: माणूस-चिंपांझी अधिक गोरिला-ओरांगउटान म्हणजे ४.७७, बाकी दोन्ही प्रकारे ५.१५. झाड नेमकं बसतं.

झाड शोधणं हीसुद्धा ऑप्टिमायझेशनचीच समस्या आहे, आणि जास्त अवघड, कारण इथे उतारच नाही. झाडाचे आकार सुटे असतात, एकातून दुसऱ्यात सरकत जाता येत नाही. दहा सजीवांची मूळ न दाखवणारी झाडं २०,२७,०२५ होतात. वीस सजीवांची संख्या दोनवर वीस शून्यांच्या घरात जाते. म्हणून एक झाड घेऊन त्याच्या फांद्या कापून दुसरीकडे लावत शोध घेतात. नेबर-जॉइनिंग ही १९८७ ची पद्धत शोध न घेता पायरीपायरीने झाड बांधते, आणि अंतरं नेमकी झाडाची असतील तर ती तेच झाड परत देते याची सिद्धता आहे. सुरुवातीसाठी तीच घ्या.

पण झाडही सगळं सांगत नाही. त्याच गोरिलाच्या जीनोमने दाखवलं की जीनोमच्या सुमारे ३० टक्के भागात गोरिला माणसाला किंवा चिंपांझीला, ते दोघं एकमेकांना असतात त्यापेक्षा जवळचा आहे. पूर्वजांच्या लोकसंख्येत असलेली विविधता वाटणीच्या वेळी कशीही वाटली गेली, म्हणून असं होतं. जीवाणूंत तर जनुकं आडवीही जातात, म्हणजे पूर्वजाकडून न येता एका जीवाणूतून दुसऱ्यात. तिथे चारांच्या चाचणीत मोठ्या दोन बेरजा वेगळ्या पडतात. अशा डेटासाठी नेबर-नेट काढा, म्हणजे झाडाऐवजी जाळं. एकमेकांशी न पटणाऱ्या वाटण्या त्यात जाळीच्या खिडक्यांसारख्या दिसतात, आणि कुठे झाड बसत नाही ते नजरेला पडतं.

डेटा मोठा असेल तर खर्चाचा विचार करावा लागतो. शंभर सजीवांच्या जोड्या ४,९५०, पण दहा हजारांच्या ४,९९,९५,०००. सगळ्या मोजत बसण्याऐवजी काहीशे प्रातिनिधिक नमुने निवडा, त्यांची मांडणी नीट करा आणि बाकीच्यांना या नमुन्यांपासूनच्या अंतरांवरून जागा द्या. प्रातिनिधिक नमुने निवडताना दुर्मीळ शाखा सुटू देऊ नका, नाहीतर त्या शाखेतले सजीव कुठेतरी मध्येच जाऊन बसतात.

चित्र छापताना दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं ठेवा. हे सांगायला नको, पण सॉफ्टवेअर चौकट भरण्यासाठी एक अक्ष ताणतं आणि इतक्या मेहनतीने जुळवलेली अंतरं शेवटच्या क्षणी बिघडतात. अक्षांवरचे आकडे काढून टाका आणि त्याऐवजी कोपऱ्यात अंतराची एक मापरेषा द्या. समान क्रम असलेले सजीव एकाच बिंदूवर येतात. त्यांना उगाच हलवून वेगळे दाखवण्यापेक्षा ठिपक्याचा आकार मोठा करा. ग्रेडियंट स्वतः लिहिला असेल तर इथेच शून्याने भागाकार होतो, तेवढी काळजी घ्या.

आणि वेळ असेल तर बूटस्ट्रॅप करा. एकाखाली एक लावलेल्या क्रमांचे स्तंभ परत-परत उचलून तेवढ्याच लांबीचे नवे संच तयार करा, प्रत्येकावरून सारणी, प्रत्येक सारणीवरून मांडणी, आणि सगळ्या मांडण्या प्रोक्रस्टीझने पहिलीवर बसवा. प्रत्येक सजीवाभोवती ठिपक्यांचा ढग तयार होतो. दोन ढग एकमेकांत मिसळत असतील तर त्या दोन सजीवांमध्ये कोण आत आणि कोण बाहेर, याबद्दल आकृतीखाली काही लिहू नका. ढग सुटे असतील, शेपर्डच्या आलेखात त्यांच्या जोड्या कर्णाजवळ असतील आणि झाडातही तेच दिसत असेल, तर ते गट निर्धास्त छापा.